गाडीचा चातुर्मास

थंड मुलखात मोटार निजवायची वेळ कार्तिकाच्या सुमारास येते. इंग्लंड, जर्मनी, कॅनडा या देशांत बर्फ पडू लागले की रस्त्यांवर मीठ पसरतात. मिठाने बर्फ वितळते खरे, पण तेच खारे पाणी उडून गाडीच्या पोटाला लागले की थोड्याच हिवाळ्यांत चांगल्या पोलादाची चाळणी होते. म्हणून ज्यांच्यापाशी हौसेची स्पोर्ट्‌स कार असते ते लोक पहिल्या बर्फाआधीच तिचे तेल बदलतात, बॅटरी सोडवतात, आणि तिला कापडाखाली झाकून वसंतापर्यंत विसरून जातात. त्या देशांत या विषयावर इतके लिहिले गेले आहे की ते सगळे वाचायला एक हिवाळा पुरणार नाही.

आमच्या बडोद्यात पंचांग उलटे चालते. येथे हिवाळा हाच अशा गाडीच्या मिरवण्याचा काळ. जानेवारी 2023 मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात ‘ट्वेंटी वन गन सॅल्यूट’ या नावाने जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते, ते पुष्कळांच्या स्मरणात असेल. तेच जुलै महिन्यात भरवण्याचे धाडस कोणी केले नसते. येथे गाडी निजते ती पावसाळ्यात. मृग लागण्यापूर्वी तिला आत घ्यायची आणि दसऱ्याला झेंडूची माळ घालून बाहेर काढायची. देव आषाढी एकादशीला निजतात, ही त्यांच्याही आधी निजते. आणि उठते तीही त्यांच्या आधीच.

सुभानपुऱ्याचे नाव काढले की जुन्या बडोदेकरांचे कपाळ जरा आकसते. आपली मंडळी दांडिया बाजारातली, रावपुऱ्यातली, बाबाजीपुऱ्यातली. परंतु मागल्या दोन पिढ्यांत वाडे विकून किंवा वाटण्या होऊन पुष्कळ मराठी घरे विश्वामित्री ओलांडून पश्चिमेकडे गेली. आमचे त्यांतलेच. माझे वडील संस्थानच्या अगदी अखेरच्या दिवसांत, मिसरूड फुटण्यापूर्वी, आजोबांच्या मागे बसून दरबारात तबला वाजवू लागले. 1949 साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, दरबार उरला नाही, तबला उरला. मी त्याच विद्येवर शिकवण्या करतो. हे सांगण्याचे कारण एवढेच की मोटारीतले मला काही कळत नाही, तरीही दरवर्षी ज्येष्ठ महिन्यात मला शेजारच्या बंगल्यातून बोलावणे येते.

त्या बंगल्यात एक एम. जी. टी. सी. आहे. एम. जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस, ऑक्सफर्डची पेढी. दुसरे महायुद्ध संपताच, 1945 साली, त्यांनी ॲबिंग्डनच्या कारखान्यात हे मॉडेल काढले आणि 1949 पर्यंत सुमारे 10 हजार गाड्या बनवल्या. इंजिन 1250 सी. सी.चे, बैठका दोन, टप कापडाचा, समोरची काच आडवी पाडता येणारी. आजच्या कोणत्याही साध्या घरगुती गाडीने तिला सहज मागे टाकावे. पण त्या काळी ती स्पोर्ट्‌स कार होती आणि तिच्यात बसले की अजूनही तसेच वाटते, कारण जमीन हाताला लागेल इतकी जवळ असते. आमच्या शेजारच्या काकांच्या वडिलांनी ती मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रजाकडून घेतली. काका आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. गंमत अशी की 2019 पासून याच एम. जी. नावाच्या गाड्या आपल्या हालोलला बनू लागल्या, मालक बदलत बदलत नाव येथवर आले. “मास्तर, म्हातारपणी हिचे माहेर चाळीस किलोमीटरवर आले बघा,” असे काका म्हणतात. त्या नव्या गाड्यांकडे मात्र ते ढुंकून पाहात नाहीत.

आता माझे काम. या गाडीची चाके तारेची आहेत. एका चाकाला 48 स्पोक. मागे टाकीवर बांधलेले जादा चाक धरून पाच चाके, म्हणजे 240 स्पोक. चाक दोन कानांच्या मोठ्या नटाने बसवलेले असते. तांब्याच्या हातोडीने त्या कानावर ठोके मारले की नट सुटतो. लोखंडी हातोडीने मारले तर कान विद्रूप होतात. डाव्या बाजूच्या नटाचे आटे एका दिशेचे, उजव्या बाजूचे उलट दिशेचे, चालताना नट आपोआप सैल होऊ नये म्हणून. चाक उतरले की ते माझ्यापुढे येते. मी पाटावर बसतो, चाक उभे धरून फिरवतो आणि पान्याच्या दांडीने एकेक स्पोक हलकेच वाजवतो. ताणलेला स्पोक खणखणीत बोलतो, सैल झालेला बद्द बोलतो, आणि तुटण्याच्या बेतात असलेल्याचा आवाज मधेच मरतो. सगळे स्पोक एकाच स्वरात बोलावेत अशी अपेक्षा मात्र धरायची नसते. काही स्पोक लांब, काही आखूड. लांब जातीचा लांबाशी आणि आखूड जातीचा आखडाशी ताडून पाहायचा. तबल्याची सोळा घरे मिळवताना जी नजर कानाला लागते तीच येथे लागते. एका घरावर हातोडी मारली की समोरचे घर उतरते, तसेच एक स्पोक आवळला की चाक त्या अंगाला ओढले जाते. म्हणून जो बद्द बोलला त्याला फक्त खडूची खूण करायची. आवळण्याचे, चाकाचा आउट काढण्याचे काम गोरव्याच्या एका सायकलवाल्याचे. त्याचे वय सत्तरीचे आणि हात अजून स्थिर. यंदा सात खुणा झाल्या. गेल्या वर्षी तीन होत्या.

चाके झाली की तेलाची पाळी. पुष्कळांची समजूत अशी की गाडी चार महिने उभीच राहायची आहे, मग नवे तेल कशाला वाया घालवावे, ते दसऱ्याला घालू. हे नेमके उलटे आहे. वापरलेल्या तेलात पेट्रोल जळून झालेली आम्ले आणि पाणी मिसळलेले असते; ते चार महिने बेअरिंगांवर बसून राहिले की आपले काम करते. म्हणून गाडी चांगली दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणायची, तेल गरम असतानाच काढायचे, आणि नवे घालून इंजिन मिनिटभर फिरवायचे. नंतर चारही प्लग काढून प्रत्येक भोकातून चमचाभर तेल सोडायचे आणि हँडलने दोन-तीन फेरे द्यायचे. या गाडीला पुढून हँडल मारण्याची सोय आहे, हे तिचे भाग्य. पावसाळाभर महिन्यातून एकदा तेवढेच फेरे द्यावेत, इंजिन जखडत नाही.

येथे सोसायटीतले हितचिंतक गोळा होतात. “दर रविवारी पाच मिनिटे चालू करून ठेवा की,” असा त्यांचा सल्ला असतो. हा सल्ला सर्वांत वाईट. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ तेवढेच पाणी वाफ होऊन निघते. गाडी रस्त्यावर तापली तर ते सायलेन्सरमधून बाहेर पडते. जागच्या जागी पाच मिनिटे फडफडवली तर ते आतच थिजते, सायलेन्सर आतून कुजतो आणि नव्या तेलात पाणी उतरते. एक तर नीट फिरवून आणा, नाही तर हात लावू नका. काका हे पंचवीस वर्षे सांगत आहेत आणि सोसायटी पंचवीस वर्षे तोच सल्ला देत आहे.

पेट्रोलचा प्रश्न खरा अवघड झाला तो अलीकडे. पूर्वीचा नियम सोपा होता: टाकी काठोकाठ भरून ठेवा, म्हणजे आत हवेला जागा उरत नाही, हवेतली ओल पत्र्यावर जमत नाही, गंज चढत नाही. आता आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. 2025 साली देशाने 20 टक्क्यांचे प्रमाण गाठले. उसाच्या शेतकऱ्याला आणि परकीय चलनाला ते हिताचे असेलही. त्या वादात मी शिरत नाही. पण इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, आणि ते मर्यादेबाहेर गेले की पाणी व इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसतात. पेट्रोल बाहेर जाण्याची वाटही खालूनच. शिवाय 1940च्या सुमाराचे रबर, बुचाचे वायसर, लाखेचे लुकण ही मंडळी इथेनॉलशी पटवून घेत नाहीत. म्हणून काकांनी जुना नियम मोडला. आता ते टाकी पूर्ण रिकामी करतात, आतून वाळवतात आणि पातळ तेलाचा हात फिरवतात. मग पंपाची तार काढून इंजिन चालू करायचे, कार्बोरेटरमध्ये उरलेले पेट्रोल संपेपर्यंत चालू द्यायचे. एस. यू. कंपनीचा तो विजेचा पंप टिक् टिक् असा वाजतो, कार्बोरेटर भरले की थांबतो. तो गप्प असताना इंजिन हळूहळू धाप लागल्यासारखे होऊन विझते. मला हा क्षण दरवर्षी थोडा जड जातो. काकांना काही वाटत नाही, ते घड्याळ पाहात असतात.

बॅटरीची एक गोष्ट नव्या मिस्त्र्यांनी लक्षात घेण्यासारखी. आजच्या गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनल अंगाला, म्हणजे चासीला जोडलेले असते आणि सोडवताना ते आधी सोडवतात. या गाडीत पॉझिटिव्ह अंगाला जोडलेले आहे. सवयीने निगेटिव्हला पाना लावला आणि तो चासीला टेकला तर ठिणग्यांची दिवाळी. येथे पॉझिटिव्ह आधी. सोडवलेली बॅटरी घरात आणून लाकडी फळीवर ठेवायची, डिस्टिल्ड वॉटर पाहायचे आणि महिन्यातून एकदा चार्ज करायची. उतरलेली तशीच पडू दिली तर आतल्या पट्ट्यांवर पांढरा थर धरतो आणि मग ती चार्ज घेत नाही. काकांचा मुलगा कॅनडात टोरांटोला असतो. त्याच्या ओळखीचे लोक बॅटरीला एक लहानसे यंत्र जोडून सारा हिवाळा तसेच चालू ठेवतात, लागेल तेवढीच वीज ते देते. त्याने तसे यंत्र धाडलेही होते. काकांनी ते जपून ठेवले आहे. विजा कडाडत असताना गॅरेजमध्ये चार महिने काही चालू ठेवायला त्यांचे मन घेत नाही, आणि मला ते पटते.

हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही, ओलीने पट्टे ड्रमला चिकटतात. चाकांना लाकडी ठोकळे लावायचे. क्लचची प्लेटही अशीच चिकटते, म्हणून पेडल दाबून एका पट्टीने अडकवून ठेवायचे. ब्रेक ऑइल पाणी ओढते, ते दर दुसऱ्या वर्षी नवे. टायरमध्ये नेहमीपेक्षा चार-पाच पौंड हवा जास्त, आणि महिन्याकाठी चाक पाव फेरा ढकलायचे, म्हणजे एकाच जागी चपटे होत नाही. कापडी टप घडी करून ठेवला तर घड्यांत बुरशी धरते, तो उभारलेलाच बरा.

या गाडीचा खरा जीव लाकडात आहे. वरून पत्रा दिसतो, पण पत्र्याखालची सगळी चौकट ॲश नावाच्या विलायती लाकडाची. दाराची कडी लागेनाशी झाली की समजावे, लाकूड फुगले. वाळवी लागली तर पत्रा तसाच उभा राहतो आणि आत पोकळी. आमच्या घरी वडिलांचे खोड आहे, जुन्या शिसवीचे, त्याला पावसाळ्यात जी काळजी तीच येथे. काका दारांच्या सांध्यांत तेलाचा बोळा फिरवतात, बैठकांखाली कडुलिंबाचा पाला आणि डांबराच्या गोळ्या ठेवतात, सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबतात आणि त्याला लाल चिंधी बांधतात, दसऱ्याला विसर पडू नये म्हणून. परदेशी लोकांना गाडीत उंदराची भीती. आपल्याकडे उंदीर, घूस, चिचुंद्री आणि त्यांच्यामागून येणारा साप. वर झाकायला प्लास्टिक नाही, ते घाम धरते. काकूंनी जुन्या सुती चादरी जोडून शिवलेले एक झाकण आहे. काकू आता नाहीत. त्या झाकणाला काका माझ्याच घरचा शब्द वापरतात, गवसणी.

हे सगळे वर्षानुवर्षे असेच चालले होते. मग पावसाने स्वतःचे प्रमाण बदलले. 31 जुलै 2019 रोजी बडोद्यात चोवीस तासांत सुमारे 20 इंच पाऊस पडला. ऑगस्ट 2024च्या अखेरीस विश्वामित्री पात्र सोडून शहरभर पसरली, मगरी वस्तीत आल्या, आणि हजारो गाड्या दिवसेंदिवस पाण्यात उभ्या राहिल्या. आमची गल्ली उंचावर म्हणून समजली जाते, तरी गॅरेजमध्ये घोट्यापर्यंत पाणी आले. गाडी त्या वेळी लोखंडी घोड्यांवर होती, म्हणून वाचली. रात्रभर काका कंदील घेऊन पायरीवर बसले होते. त्यानंतरच्या वैशाखात त्यांनी गॅरेजमध्ये दोन फूट उंचीचे विटांचे दोन पक्के कट्टे बांधून घेतले. आता लोखंडी चॅनेलच्या उतारावरून गाडी चेनकप्पीने वर ओढतात. वजन आठशे किलोच्या आत, तेव्हा चार माणसे पुरतात. सोसायटीत यावर हसणारे पुष्कळ निघाले. यंदा त्यांतल्याच एकाने आपली स्कूटर कट्ट्याखालच्या मोकळ्या जागेऐवजी कट्ट्यावरच ठेवता येईल का, असे विचारून पाहिले.

पण कट्टे राहणार नाहीत. आमच्या सोसायटीचे बंगले पाडून तेथे उंच इमारत उभी करायचे ठरत आले आहे. सह्या बहुतेक झाल्या. नकाशात गाड्यांची सोय तळघरात दाखवली आहे. 2024 साली कोणत्या तळघरांत किती दिवस पाणी होते, हे वाचकांस सांगायला नको. हाय टेन्शन रोडवरून जाताना आता दर दहा घरांमागे एक असा नकाशा फळ्यावर लावलेला दिसतो, आणि त्यातल्या प्रत्येकाखाली तळघर असते.

मुलगा फोनवर म्हणतो, “बाबा, विकू नका. भाड्याची चांगली जागा पाहू, पैसे मी पाठवतो.” तो राहतो तेथे महिन्याच्या भाड्याने गाडी ठेवून घेणारी कोठारे असतात, त्याला यात वावगे वाटत नाही. काकांचे म्हणणे दुसरे. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी नियम केले, ‘व्ही. ए.’ अक्षरांची वेगळी पाटी, नव्या नोंदणीला 20 हजार रुपये, आणि अशी गाडी रोजच्या वापरात आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल एवढ्यापुरतीच रस्त्यावर. काका म्हणतात, “सरकारने हिला बारा महिन्यांचा चातुर्मास दिला, त्यात तू भाड्याची खोली घेऊन देतोस. मी गेल्यावर हँडल कोण मारणार? कोठारवाला?” यावर टोरांटोहून थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही. मुलाचा जीव गाडीत आहे हे खोटे नाही. त्याने चालवायला शिकले ते याच गाडीवर. पण ती चार महिने कशी राखतात हे त्याने कधी केले नाही, कारण जून महिन्यात तो नेहमी परीक्षेत असे आणि पुढे परदेशात. माझे मत मला कोणी विचारले नव्हते. विचारले असते तर मी काकांच्या बाजूने दिले असते. वडिलांचे तबले मी शिष्याला दिले ते याच विचाराने. कपाटात त्यांची पुडी उतरून गेली असती.

तेव्हा ठरले ते असे. दसऱ्याला गाडी काढायची, दिवाळीपर्यंत चालवायची आणि मग जो खरोखर चालवील अशा माणसाला द्यायची. मुलाने दोन दिवसांनी होकार दिला, अट एकच घातली: दसऱ्याला तो येईल आणि गवसणी तो काढील.

यंदाच्या तयारीला म्हणून एक काम वाढले. काका पाने-हातोड्या हाताळत एकेक गोष्ट सांगत होते आणि मी ती वहीत उतरवून घेत होतो: कोणते टर्मिनल आधी, कोणत्या प्लगमध्ये किती तेल, डावा नट कोणत्या दिशेने. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ढग भरून आले तेव्हा गाडी कट्ट्यावर चढली होती आणि वहीची बावीस पाने झाली होती. सात खुणांचे स्पोक कोणत्या चाकाचे, तेही आकृती काढून लिहिले आहे. वही गाडीबरोबर जायची. गिऱ्हाइके दोन आहेत, एक पुण्याचे आणि एक राजकोटचे. पुण्याचे ठरले तर वही आहे तशी चालेल. राजकोटचे ठरले तर ती गुजरातीत उतरवून द्यायची, आणि ते काम काकांनी माझ्याकडे दिले आहे. श्रावणात शिकवण्या कमी असतात, तेव्हा बसेन.